राऊतांच्या सुनेचं लॉगिन

चिंचणीत आवई उठली, की राऊतांच्या समिधाने कारखान्यातल्या साहेबाचा पासवर्ड चोरला. मासळीबाजारातून आळीत येईतो चोरीत एक तिजोरीही शिरली, आणि चहाच्या टपरीवरच्या मंडळींनी तर तिला पोलिसांच्या गाडीत बसताना पाहिलंसुद्धा. सगळं खोटं. समिधाने काहीही चोरलं नव्हतं. तिने फक्त लग्न केलं होतं.

माहेरची ती सावे. बोईसरला रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. ड्रम किती आले, किती गेले, एवढंच तिच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. लग्नानंतर तिने हौसेने ऑफिसातही नाव बदलून घेतलं. कॉम्प्युटर विभागातल्या हितेशने जुनं लॉगिन काढून ‘एस राऊत’ असं नवं दिलं. चिंचणीत राऊत म्हणून हाक मारा, अर्धी आळी मान वळवते. कारखान्यात मात्र आधी एकच एस राऊत होऊन गेले होते, निवृत्त झालेले मोठे साहेब. त्यांचं खातं हितेशने पुसलं होतं, पण त्या नावाला दिलेले अधिकार पुसायचे त्याला सुचलंच नव्हतं. कॉम्प्युटरने नाव वाचलं आणि स्टोअरच्या बाईला साहेबांच्या खुर्चीत बसवलं.

सकाळी बघते तर समोर सगळ्यांचे पगार, सगळ्यांच्या रजा, वर माणसाला कामावरून काढायचं बटण! आपली समिधा अशी, की शेजारच्या टेबलाचा पगारही तिने वाचला नाही. याची हळहळ तिच्या सासूबाईंना, विजयाबाईंना, अजून आहे. ती तडक हितेशकडे गेली.

“सर, मला नको ते दिसतंय.”

“मग बघू नका ना, मॅडम,” मोबाइलमधून मान न काढता तो म्हणाला.

ती पुन्हा गेली. “करतो हो!” म्हणाला. केलं काहीच नाही. मग तपासणीवाले आले आणि त्यांनी विचारलं, स्टोअरची बाई पगाराच्या पानावर कशी? हितेशने बेधडक सांगितलं, “घुसली असणार.” मॅनेजर धीरजसाहेबांनी तिला घरी बसवलं. माफी लिहून दे, नाहीतर नोकरी विसर.

काय न्याय आहे! दार सताड उघडं टाकणारा एसीत, आणि ‘अहो, दार उघडं आहे’ म्हणून सांगणारी घरी!

“आमच्या नावानं दार उघडलं, तं चोर आमी?” विजयाबाई कडाडल्या. “जा गो, इचार त्याला!”

समिधा गेली. धीरजसाहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. “दोन ओळी लिहा, आणि कॉम्प्युटरवर परत सावे व्हा. विषय संपला.”

म्हणजे भोक तसंच ठेवायचं, आणि डाग हिच्या पदराला! समिधाचं ऑफिसातलं गोड मराठी तिथंच संपलं.

“सायेब, राऊत मी चिंचणीत झाले. मोठा सायेब मला तुमच्या कॉम्प्युटरनं केला. माफी त्याच्याकडनं लिऊन घ्या, मी देणार नाय.”