ओढ्यापलीकडची फळी

रेझिन ओतून झालं की माघार नाही. हाताखाली आलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिल्या दिवशी हे सांगत आलो. ते मला कुठे कळलं हे मात्र कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात माझी शोभा नाही. आता आई नाही, पाटील नाहीत, पाटलांची आई तर केव्हाच गेली. लाज वाटून घ्यायला मी एकटाच उरलोय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

बेळगावला उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये मी फायबरचं काम करायचो. साच्याला मेण फासायचं, काचेचं कापड अंथरायचं, वरून रेझिन मारायचं. पंपाची झाकणं, रिक्षाची पुढची तोंडं, एकदा एका नाटकमंडळीचा गरुडसुद्धा. रेझिन दिसायला पातळ काकवीसारखं असतं. त्यात हार्डनरचे मोजके थेंब घातले की अर्ध्या तासात त्याचा दगड होतो. थेंब कमी पडले तर आठवडाभर बोटाला चिकटत राहतं, जास्त पडले तर तापतं, धूर सोडतं आणि तडकतं. जाड थर एका दमात ओतला तरी तेच. म्हणून पातळ थर द्यायचा, एक दिवस थांबायचं, मग दुसरा द्यायचा. यात विद्या काही नाही, नुसता दम धरायचा असतो. मला तो धरता यायचा, आणि त्याचा मला माजही होता.

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी नुकता विशीत आलो होतो. गावाला वर माळावर नवी जागा मिळाली. पाटील गेले, सुतार गेले, देव गेला. ओढ्यापलीकडे आमची अकरा घरं होती, बौद्धांची. त्यांतल्या चौघांना माळाच्या कडेला जागा मिळाली, बाकीचे वाट फुटेल तिकडे पांगले. आम्ही निपाणीला आलो आणि आई तंबाखूच्या वखारीत जायला लागली. संध्याकाळी घरी आली की तासभर शिंकायची, मग चूल पेटवायची.

पाच-सहा वर्षांनी पाटलांचा निरोप आला. नव्या देवळाच्या सोप्यात जुन्या गावाचा देखावा ठेवायचा होता, यात्रेच्या आत. म्हाताऱ्या सुतारानं दोन वर्षं बसून घरं केली होती, राहिली होती ती नदी. शनिवारी मी गेलो. पाटील म्हणाले, “नदी खरी दिसाया पायजे. तू म्हणं काच वततोस.”

खोटं कशाला सांगू, देखावा हुबेहूब होता. वीतभर उंचीचा पाटलांचा वाडा, देऊळ, चावडी, पाराचा वड, सगळं जिथल्या तिथं. सुतारानं कौलंसुद्धा एकेक कापून बसवली होती. मी उंबरठा ओळखावा तशी गल्ली ओळखत गेलो, देवळावरून खाली, विहिरीवरून आणखी खाली, आणि ओढ्याशी फळी संपली.

“आप्पा, ओढ्यापलीकडचं?”

पाटील फळीच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, “फळी तेवढीच व्हती रं.”

त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. मी म्हटलं, “फळी मी आणली तर?”

“आण की. नको कोण म्हणतंय?”

मजुरी म्हणून मी तेवढंच मागून घेतलं. निपाणीला येऊन आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “आपलं घर कोण करनार? सुतार? त्येनं कधी बघितलंय व्हय आपलं घर आतनं?”

घरं तिनंच केली. वखारीतून तंबाखूच्या काड्या आणल्या, त्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि वर मातीचा लेप दिला. छपराला विडीची पानं कापली. तीन दिवस ती वखारीतून आली की शिंकणं बाजूला ठेवून फळीशी बसायची. कुणाचं दार कुठल्या अंगाला, कुणाच्या भिंतीला टेकू, कुणाच्या दारात कडुनिंब, सगळं तिच्या बोटांत होतं. आमच्या घराचं दार तिनं उघडं ठेवलं. आत जातं केलं, बाच्या सदऱ्याची दोन बटणं एकावर एक चिकटवून. बा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, आत कुणाला दिसणार आहे ते? ती म्हणाली, “मला ठावं हाय न्हवं.”

मग तिनं निरोप धाडायला सुरुवात केली. संकेश्वरला, चिकोडीला, कोल्हापूरला, जो जिथं पांगला होता तिथं. यात्रेला या, आपली वस्ती बघाय मिळनार हाय. अकराच्या अकरा घरांतली माणसं येणार होती. गावाच्या यात्रेला आमची माणसं एरवी लांबून नारळ देऊन यायची. या वेळी ती सोप्यासमोर उभी राहून बोट दाखवणार होती, ते माझं, ते तुझं. आई वखारीत सुट्टी मागून आली. त्या बाईनं आयुष्यात मागितलेली ती पहिली सुट्टी असावी.

यात्रा पुढच्या मंगळवारी होती. बुधवारी मी आमची फळी आणि रेझिनचे डबे बसच्या टपावर घालून माळावर पोचलो. आमची वस्ती सखल होती, म्हणून फळी गावाच्या फळीपेक्षा चार बोटं खाली बसवली. मधल्या सांध्यात मेण भरून अंगठ्यानं दाबलं. शेडमध्ये प्रत्येक फट आम्ही मेणानंच बुजवायचो. पातळ थरांचं काम असलं की मेणाला काही होत नाही. गुरुवारपासून चार दिवसांत चार थर द्यायचे, सोमवारी घासून चकाकी आणायची, असा माझा हिशोब होता.

गुरुवारी सकाळी सोपा माणसांनी भरला. पाटलांच्या आईनं मुहूर्त काढला होता. आरती, पाच पानं, नारळ. मी म्हटलं आज पहिला थर देतो, उद्या दुसरा. म्हातारी म्हणाली, “तुकड्यातुकड्यानं नदी येत असती व्हय? मुहूर्त आजचा हाय. आज भरून घ्या.”

मी पाटलांकडे बघितलं. ते म्हणाले, “भर की. आई म्हंती तर.”

चहाची वेळ होती. आमच्यासाठी तिथं कोनाड्यात एक कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असे. त्यात मला चहा आला. मी तो प्यायलो, कप पुसला आणि डब्यातलं रेझिन बादलीत मापून घ्यायला तोच लावला. त्या गावात माझ्या हातून झालेली एवढीच मर्दुमकी. तो कप परत कुणाला चहा देण्याच्या कामाचा राहिला नाही.

मोजके थेंब घालून मी ढवळायला लागलो. म्हातारी जवळ येऊन बघत होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं की हे घट्ट होतं ते त्या थेंबांनी. ती म्हणाली, “थंडी केवढी पडलीया. इरजाण जरा जास्त घाल, न्हायतर लागायचं न्हाय.” चार बायका मागून म्हणाल्या, व्हय व्हय, थंडीत जास्तच लागतंय.

दही आणि रेझिन यांतला फरक मला माहीत होता. एवढा जाड थर ओतायचा तर हार्डनर उलट कमी घालायला हवं, हेही माहीत होतं. “आईसाहेब, हे तुमचं काम नव्हे” एवढंच म्हणायचं होतं. बेळगावात शेडच्या मालकाला मी याहून वाईट बोललो होतो. पण त्या सोप्यात उभं राहिल्यावर माझ्या तोंडातून “जी” निघालं. माझा बा म्हणायचा तसं, त्याच आवाजात. आणि बाटली माझ्या हातात वाकडी झाली.

पहिली खेप ओतली. सुंदर दिसली. देवळाच्या पायऱ्यांशी वळण घेऊन नदी विहिरीखालून सांध्यापर्यंत गेली आणि बायकांनी हात जोडले. म्हातारीनं वरून हळदकुंकू वाहिलं, ते तिथंच बुडून राहिलं. मी लगोलग दुसरी खेप ओतली. तोवर खालची तापली होती. फळीला हात लावला तर चटका बसला. मेण पाझरलं, सांधा उघडा पडला आणि वरचं पातळ रेझिन वाट काढत खाली आमच्या फळीवर आलं.

मी फडकं घेतलं, बोटं घातली, हातानं बांध घातला. काही उपयोग झाला नाही. गडबडीत दुसऱ्या खेपेलाही जास्तच हार्डनर पडलं होतं. फळीला कडेनं पट्टी मारलेली, म्हणून ते बाहेरही सांडलं नाही, वस्तीत साचत गेलं. अकरा घरं वळचणीपर्यंत भरली आणि बघता बघता ते थिजलं. वर नदीला टणकन दोन तडे गेले.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “परत बुडली की ही.” आणि हसू फुटलं. सगळे हसले, म्हातारा सुतारही हसला. म्हातारी नारळाची शकलं गोळा करत म्हणाली, “ह्यास्नी पानी काय सोडत न्हाय.” मीही हसलो. हे लिहायला जड जातंय, पण मी हसलो. माझी बोटं एकमेकांना चिकटली होती आणि मी दात दाखवत होतो.

आता दुरुस्तीचं सांगतो. चिकट राहिलेलं रेझिन उन्हात ठेवून किंवा वरून दुसरा हात मारून वाळवता येतं. तडा गेला तर तासून त्यात नवं रेझिन भरता येतं. धुरकट झालं तर पाणकागदानं घासून टूथपेस्टनं चकाकी आणता येते. पण ज्या वस्तूवर ते थिजलं ती वस्तू सोडवता येत नाही. ती कापावी लागते, आणि कापताना दहातली एखादी जगते. वस्ती वाचवायची तर एकच मार्ग होता. सांध्याशी कापून फळी वेगळी करायची, निपाणीला न्यायची आणि आईला हाताशी घेऊन अकरा घरं परत करायची. चार दिवस हातात होते. जमलं असतं.

मी करवत काढली तसे पाटील म्हणाले, “आदी नदीचं तडं भर. देवाम्होरं फुटकी नदी बरी दिसत न्हाय. त्ये तुमचं मागनं बघ.”

मी पुन्हा “जी” म्हटलं.

नदीला ते सगळे दिवस लागले. तडे तासले, पातळ पातळ थरांनी भरले, एक दिवस, दुसरा दिवस, आता मला कुणी घाई केली नाही. सोमवारी घासून अशी काही चकाकी आणली की पाटलांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मी वस्तीकडे वळलो. करवतीच्या पात्यानं टोकाचं एक घर सोडवायला गेलो तर त्याचा चुराच झाला. ते आमच्या शेजाऱ्यांचं होतं. मी पातं खाली ठेवलं.

मंगळवारी माणसं आली. संकेश्वरचे आले, कोल्हापूरचे नवे कपडे घालून आले. आई पुढं होती, इस्त्रीचं लुगडं नेसलेली. सोप्यासमोर सगळे थांबले. कुणी बोट दाखवलं नाही. शेजाऱ्यांची म्हातारी आपलं घर शोधत राहिली, आणि ते माझ्या हातून गेलं हे मला तिला सांगावं लागलं. गावातली माणसं मात्र नदीचं कौतुक करत होती.

आई वाकून बघत राहिली. रेझिन तेव्हा स्वच्छ होतं. दार उघडं दिसत होतं, आतली बटणंही दिसत होती. तिनं वर नखानं टोकरून बघितलं. मग तशीच वळून बस थांबते तिथं जाऊन बसली. घरी आल्यावर तिनं नेहमीसारखी चूल पेटवली.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा देवळाची डागडुजी निघाली. पाटलांच्या मुलानं निरोप दिला, तुमचं ते न्या. गेलो तर देखावा देवळामागं पडला होता. सुतारानं केलेलं गाव वाळवीनं आणि उंदरांनी खाऊन टाकलं होतं, वाड्याची एक भिंत तेवढी उरली होती. आमची दहा घरं मात्र जशीच्या तशी होती, रेझिन जरा पिवळं पडलेलं, एवढंच. मला आनंद झाला. फार वाईट, जळका आनंद झाला. वाटलं, आता आईला दाखवतो, बघ कोण उरलं. फळी पोत्यात गुंडाळून मी निपाणीला आणली.

आईनं ती पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटावर ठेवली. रोज पुसायची. आलागेला बघून विचारायचा, हे काय म्हणून. ती शांतपणे सांगायची, “आमची वस्ती. एकदा सरकारनं बुडीवली, एकदा ह्येनं.” आणि माझ्याकडे बोट करायची. पाहुणे हसायचे. मला वाटायचं, पुढच्या खेपेला तरी नाही म्हणणार. माझ्या लग्नात तिनं व्याह्यांनाही हेच सांगितलं.

एकदा मी चिडलो. म्हटलं, “आई, किती दिवस? जास्त घाल म्हणून पाटलाच्या म्हातारीनं सांगितलं. मी काय मनानं घातलं?”

ती फळी पुसत होती. पुसायची न थांबता म्हणाली, “सांगितलं तिनं. वतलंस तू.”