मेड्यूसाची आजी

डॉ. लता पुरुषोत्तम दाबके. वय एकाहत्तर. मुक्काम वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. निवृत्त भूलतज्ज्ञ. दृष्टिकोन वैज्ञानिक. अंधश्रद्धा निरंक.

त्यांची नात स्वानंदी शाळेच्या ग्रीक दिनाला मेड्यूसा होणार होती. मेड्यूसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप असतात आणि तिच्या डोळ्यांत बघेल त्याचा दगड होतो. साप लताबाईंनी जुन्या हिरव्या साडीचे शिवले, आत कापूस भरला. तरी स्वानंदी रडकुंडीला आली होती.

"आजी, नोबडी विल फ्रीझ. मला सारखं हसूच येतं."

"मग हस की. मी जन्मभर हसून गुड मॉर्निंग म्हटलं आणि माणसं आडवी पाडली."

शाळेत स्वानंदीने समोरच्या आडदांड हर्क्युलसकडे बघून सगळे दात दाखवले. तो गदेसकट जागीच थिजला. मग बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर थिजला, मग हातात कॉफी घेतलेल्या प्रिन्सिपलबाई. टाळ्या थांबेनात. ओळीने सगळ्या आया "सो क्यूट" म्हणाल्या.

घरी आल्याबरोबर लताबाईंनी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून मेड्यूसाची दृष्ट काढली. मिरच्या बाहेर डेकवर जाळल्या, कारण घरात स्मोक अलार्म आहे.