नीमाच्या घरात काहीच घडत नव्हतं

नीमा कॅमेरा लावायची आणि समोरच्या मैत्रिणीला सांगायची, "काही करू नको. रोजचंच कर." टांझानियाहून नाशिकला कला शिकायला आलेली ही मुलगी पंचवटीतल्या आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होती. सोबत तिच्याच गावची अमीना. माझ्या बायकोकडून, सुनंदाकडून, नीमा मराठी शिकली आणि मला काका म्हणू लागली.

एकदा तिने आम्हा दोघांना वर बोलावून भिंतीवर व्हिडिओ दाखवला. अमीना मेथी निवडतेय. मध्येच पाठ खाजवते, छताकडे बघते, पुन्हा निवडायला लागते. बराच वेळ तेच. मी चुळबुळत म्हणालो, "अगं, यात गोष्ट कुठाय?"

"काका, आम्ही दिसलो की लोक लगेच गोष्ट रचतात. इथे गोष्ट नाही. आम्ही फक्त घरी आहोत."

सुनंदा शेवटपर्यंत बघत होती. "इतकी वर्षं भाजी निवडतेय, माझ्याकडे कोणी असं बघितलं नाही," एवढंच म्हणाली.

चित्रीकरणात उजेड बदलू नये म्हणून पडदे ओढावे लागत. ओळखीच्या मुली येत-जात. व्हायची ती गोष्ट रचली गेलीच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष देवरेअण्णांनी सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ, पडदे लावून, कॅमेरा लावून ह्या बाया आत काय रांगोळ्या काढतात का? मालक तुम्ही. बोला ना!" हशा पिकला. नीमा मागे उभी होती, माझ्याकडे बघत. मी व्हिडिओ पाहिलाय हे तिला ठाऊक होतं. त्यांचं घर माझ्या एका वाक्यावर टिकणार होतं.

मी म्हणालो, "मला काय माहीत? मी कधी वर जातच नाही."

भीती कसली होती? मला कोणी मारणार नव्हतं. तो हशा माझ्याकडे वळू नये, एवढंच. हे आजवर मी कोणापाशी बोललो नाही. घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "व्हिडिओ बघताना तुम्ही तर माझ्या शेजारीच बसला होतात." आणि पोळ्या लाटायला गेली.

सोसायटीने त्यांना महिन्याभरात जागा सोडायला लावली. त्या दोघींना शहरात दुसरी जागा मिळेना. आमच्या सोसायटीची बातमी त्यांच्या आधी पोचलेली असायची. शेवटी शिक्षण अर्धवट टाकून दोघी परत निघाल्या.

जायच्या दिवशी मी किल्ली घ्यायला वर गेलो. सामान जिन्यात होतं, अमीना खाली रिक्षा थांबवून उभी. नीमा रिकाम्या खोलीची फरशी पुसत होती. ती ओरडेल, निदान एखादा टोमणा मारेल, अशी मनाची तयारी करून मी गेलो होतो. तिने फडकं पिळून वाळत टाकलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"ओली आहे, काका. घसराल."

ती खाली उतरली. फरशी वाळेपर्यंत मी बाहेरच उभा राहिलो.