काठी दोनदा आपटली की

कोपरा फाडलेलं कार्ड धुळ्याहून जळगावला माझ्याकडे आलं, तेव्हाच कळलं, दामूनाना गेले. त्याला आता तीन आठवडे झाले. धुळ्यात इंग्रजी बोलपट लागला की पडद्याशेजारी उभे राहून नाना लोकांना त्यांच्या अहिराणी बोलीत कथा सांगत, आणि वर प्रोजेक्टरच्या यंत्रावर मी. काही बिघडलं की ते काठी दोनदा आपटत, मी दिवा बंद करी. एवढाच आमचा करार...

एका वर्षी विलायतेतल्या एका नाटकावरून केलेला खुनाचा बोलपट आला होता. घोडा नाही, पळापळ नाही. एक खोली, सात माणसं आणि अखंड बडबड. थिएटरच्या मालकाने कपाळाला हात लावला. पण नाना ती बडबड अशी रंगवत की कापूसबाजारातली माणसं श्वास रोखून बसत. शेवटी निरपराध कारकुनाला फाशी होते, हेही ते स्पष्ट सांगत. जे आहे तेच सांगायचं, असा त्यांचा बाणा. माझ्यासारख्या थापाड्याला तो जाचायचाच.

रविवारी दुपारच्या खेळाला बायकांच्या बाजूला गोदाअक्का येऊन बसली. नरडाण्याकडची. तिचा मुलगा खुनाच्या खटल्यात आत होता, निकाल दुसऱ्या दिवशी. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नानांना म्हणाली, "कोर्टात काय व्हस ते दखाले वनू, भाऊ." कोर्टात काय होतं, ते तिला आधी पडद्यावर बघायचं होतं.

शेवटचं रीळ लागलं. पडद्यावर न्यायाधीश बोलू लागला. अक्का उठून उभी राहिली. "काय म्हनस तो? सांग ना!" नाना गप्प. नाना आणि गप्प! आता दोर दिसणार होता. काठी आपटली. एकदा... पुन्हा. मी दिवा घालवला. अंधारात नाना ओरडले, "सुटना! पोऱ्या सुटना!" कारकून सुटला म्हणून टाळ्या पडल्या. मालक धापा टाकत वर आला तोवर मी फिल्म हातानेच तोडून ठेवली होती, आपोआप तुटली असं दाखवायला.

सोमवारी अक्काच्या मुलाला फाशीची शिक्षा झाली. नाना दोन दिवस जेवले नाहीत. "मी त्या माउलीला फसवलं रे," एवढंच म्हणत. मलाही लाज वाटत होती. गुरुवारी ती पुन्हा आली, त्याच जागी बसली. आता शिव्या घालणार, असं आम्हाला वाटलं. तिने खालच्या आवाजात विचारलं, "आज बी सुटी ना तो, भाऊ?"

बोलपट गावात होता तोवर ती रोज आली, आणि रोज काठी दोनदा आपटली. मालक दाराशी उभा राहून पाही, अडवत नसे.

परवा धुळ्याला जाऊन आलो. नानांच्या खाटेशी काठी टेकून ठेवलेली होती. "काका, तुम्हीच न्या," त्यांचा मुलगा म्हणाला. उचलताना ती हातून निसटली, फरशीवर एकदा वाजली... मी तसाच उभा राहिलो, दुसऱ्यांदा वाजायची वाट पाहत.