दोन पांढऱ्यांचं जांभळं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतो—पण मान खाली घालून नव्हे. तसली सवय मला नाही.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी. ए. वडील पागेत घोड्यांना खरारा करत. मी रसायन शिकून आलो. देवास गाव एकच, पण राज्यं दोन—थोरली पाती नि धाकटी पाती, मधे फक्त रस्ता. धाकट्या पातीच्या एका सरदारांनी मला बागेवर नेमलं. तिथे आयरिस या विलायती कंदफुलाच्या दोन जाती होत्या, दोन्ही पांढऱ्या. जांभळ्या होत्या त्या रस्त्यापलीकडे, थोरल्या पातीत. आणि पलीकडचं रोप मागायचं म्हणजे आपलं नाक आपणच कापायचं!

नवी जात निघते का ते पाहायला मी कुंचल्याने एकीचे पराग दुसरीवर ठेवले, वर मलमलीची पिशवी बांधली. बी रुजवलं नंदाजी माळ्याने. तीन वर्षं सांभाळलंही त्यानेच. पहिलं फूल उमललं—जांभळं.

"काय हो बी. ए., पांढऱ्यातून पांढरंच येणार ना?" सरदार म्हणाले. चारचौघे हसले.

मी काय केलं? नंदाजीकडे बोट दाखवलं. म्हटलं, यानं पलीकडचा कंद आणून इथे लावला.

"बाबूजी, बीज तो म्हारा हाथ से बोया," तो एवढंच म्हणाला. त्याच दिवशी त्याला काढलं. पुढे सोनकच्छच्या मंडीत पोती उचलू लागला.

मला ठाऊक नव्हतं, म्हणता? होतं—निदान शंका होती. आदल्या वर्षी मी पांढरी पाकळी पापडखाराच्या पाण्यात टाकली होती. बशीत ती पिवळी पडली. म्हणजे पांढरं रिकामं नव्हतं. आत काहीतरी दडलेलं होतं. तसं मी वहीत लिहिलंही. बोट दाखवलं तेव्हा ती वही माझ्या कोटाच्या खिशात होती.

पुढे काही वर्षांनी पुस्तकात वाचलं: एका पांढऱ्यात रंग असतो, पण दाबलेला, दुसऱ्यात दाबणारं नसतं, पण रंगच बनत नाही. दोघांच्या संततीत रंग आला आणि दाबणारं आलं नाही, तर जांभळं उघड होतं. वाचून मला वाईट वाटलं—कशाचं? नंदाजीचं नव्हे. हा शोध माझ्या हातून हुकला, याचं.

गरिबी, वय, चारचौघांतली लाज—यातलं काहीही मी पुढे करणार नाही. मी शिकलेला होतो, आणि शिकलेल्या माणसानेच हे केलं.

नंदाजी अजून आहे. सोनकच्छ इथून काही लांब नाही. मी गेलेलो नाही.