कुसुम मगदूमचा कापरा सा

गायला बसण्याआधी कुसुम मगदूमचे हात बर्फासारखे गार पडायचे. मग ती मागून येऊन ते माझ्या मानेला लावायची आणि म्हणायची, "बघ, मेलेल्या माणसाचं हात हायत का न्हाई?" मी किंचाळायचे. तेवढ्यानं तिला जरा धीर यायचा.

सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सांगलीच्या कॉलेजात संगीत घेऊन बी.ए. करणाऱ्या आम्ही पाचजणी. कुसुम मिरजेकडच्या एका जैन शेतकरी घरातली, मी साताऱ्याची. गाणं शिकलेल्या मुलीनं पुढं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं. शाळेत नोकरी, नाहीतर रेडिओ, एवढंच कानावर आलेलं. शेवटची परीक्षा झाली तेव्हा कुसुमच्या वडिलांनी, अप्पांनी, माझ्यादेखत तिला सांगितलं, "तीन वर्सं तुजं ऐकलं. आता दिवाळीपत्तोर नोकरी लागली तर बरं, न्हाईतर लगीन." ते रागावून बोलले नव्हते. म्हणूनच आम्ही दोघी जास्त घाबरलो.

आधी ती रेडिओच्या ऑडिशनला गेली. मी बाहेर बाकावर बसले होते. आत रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लागला आणि कुसुमचा गळाच मिटला. पाच मिनिटांत ती बाहेर आली, ओठ पांढरे पडलेले. "सा सुद्धा लागला न्हाई गं," एवढंच म्हणाली. बसस्टँडपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही. घरी जाऊन पाहिलं तर तिथं चार बोटं उमटली होती.

नंतर साताऱ्याच्या एका शाळेत मुलाखत झाली. तिथं तिचं गाणं कुणी ऐकलंच नाही. शिवण येतं का, कवायत घ्याल का, एवढं विचारून परत पाठवलं. तिची ती गत बघून मी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून चिकटले आणि तंबोऱ्यावर खोळ चढवली.

दिवाळीच्या तोंडावर कुसुमला पत्र आलं. कोयनानगरच्या एका शाळेत गाण्याच्या बाई हव्या होत्या. मोठा भूकंप होऊन थोडीच वर्षं झाली होती, बारीक धक्के अजून बसत होते, तिथं जायला कुणी तयार नव्हतं. अप्पांचा चेहरा उतरला. "आगं, तितं भुई हालती. नगं जाऊ. लगनाचं मी आता बोलत न्हाई." कुसुम रडली, आणि गेली.

जानेवारीत मी तिला भेटायला गेले. पाचवीचा तास चालू होता, मी मागं बसले होते. एकाएकी जमिनीखालून जड ट्रक गेल्यासारखी घरघर आली. खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या. मुलं दाराकडं बघायला लागली. दार एकच. मागच्या धक्क्याला तिथं रेटारेटी होऊन एका मुलीचा हात मोडला होता, हे कुसुमनं मला सकाळीच सांगितलं होतं. मला तर उठताही येईना.

कुसुमनं सा लावला. कापरा, फाटका, अर्धा बेसूर. मग रे. एका सुराला एक पाऊल, असं तिनं मुलांकडून घोटून घेतलं होतं. चाळीस मुलं ओळीनं, गात गात बाहेर पडली. शेवटी माझ्या हाताला धरून तिनं मला बाहेर काढलं. तेव्हाही ती गातच होती.

धक्का थांबल्यावर ती मैदानात मातीतच बसली. दात वाजत होते.

"अजून भीती वाटते?" मी विचारलं.

"लय. रोज वाटती. पोरांना सांगून टाकलंय मी, बाईंना भ्या वाटतंय म्हणून. त्यास्नी ठावं हाय. तरीबी बाई गात्यात, मग तीबी गात्यात."

निवृत्त होईपर्यंत ती तिथंच राहिली. रेडिओकडं पुन्हा फिरकली नाही. त्या दिवशी मला एस.टी.त बसवताना मात्र तिनं बजावलं, "कराडला मुलींच्या शाळेत गाण्याच्या बाईंची जागा हाय. अर्ज टाक." कचेरीतली नोकरी सोडायचा मला धीर होईना. महिनाभर तो अर्ज पर्समध्ये घेऊन हिंडले, मग टाकला.

जूनमध्ये कराडच्या शाळेत पहिल्याच तासाला माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, बरं वाटत न्हाई व्हय?"

"भीती वाटतेय," मी म्हणाले.

ती जरा सरकली आणि बाकावर मला जागा करून दिली.