पाठीमागून तीन

नर्मदा परुळेकर बाईंनी चौतीस वर्षं मालवणात पहिलीपासून सातवीपर्यंत गणित शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत एकदाही होडीत पाय ठेवला नाही. तरीही त्या निवृत्त झाल्या तेव्हा शिडाच्या होड्यांच्या मंडळाने त्यांनाच धरलं, कारण होड्या हाकणारे गावात ढीगभर, बेरीज न चुकणारं माणूस एकच. गेली अकरा वर्षं उन्हाळी शर्यतींचा निकाल त्याच लावतात. धक्क्यावर, शर्यत संपते त्या रेषेच्या लाल काठीशी खुर्ची, डोक्यावर टोपी, गळ्यात शिटी आणि मांडीवर वही. वहीत खाडाखोड नाही. बाईंना त्याचा ताठा आहे आणि तो त्या लपवतही नाहीत.

हिशेब सोपा, पण तो लोकांच्या गळी उतरवताना बाईंच्या नाकी नऊ आले. पहिल्या होडीला एक गुण, दुसरीला दोन, नवव्या होडीला नऊ. जी पोचलीच नाही तिला दहा. सात रविवार, सात शर्यती. त्यातली ज्याची त्याची सगळ्यात वाईट शर्यत सोडून द्यायची, उरलेल्या सहांची बेरीज करायची, आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती होडी जिंकली.

"जेका कमी गुण तो पयलो?" एका बापाने पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "मगे आमचो गुरुदास शाळेत दरवर्सा पयलोच येय होतो म्हणा!"

यंदा मात्र थट्टेला कुणाला सवड नव्हती. मालिका जिंकणाऱ्या एकालाच मुंबईच्या राज्य शिबिरात जागा मिळणार होती, आणि सहा शर्यतींनंतर तीन नंबरच्या होडीची श्रिया व सहा नंबरचा विश्वेश बरोबरीत होते. श्रियाचे दोन, एक, तीन, एक, दहा, दोन. सुकाणू मोडलं त्या दिवसाचे दहा सोडले की नऊ. विश्वेशचे एक, दोन, एक, चार, दोन, तीन. चार सोडले की तेही नऊच. म्हणजे शेवटच्या रविवारी दोघं पहिल्या चारांत आली, तर त्यांतला जो पुढे, तो मुंबईला.

श्रिया कुडाळच्या आतल्या गावची, काजू-भाताच्या शेतकऱ्याची मुलगी. दर रविवारी सकाळची पहिली एसटी पकडून यायची. पोहायलासुद्धा ती इथेच शिकली, वयाच्या सोळाव्या वर्षी. विश्वेश हा मंडळाचे अध्यक्ष अप्पा यांचा मुलगा. अप्पांचा आणि बाईंचा छत्तीसचा आकडा. बाईंची नजर आता पूर्वीची राहिली नाही, रेषेवर कॅमेरा लावूया, असं गेल्या वर्षी ते भर सभेत म्हणाले होते. बाई त्यानंतर चार महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आपला जीव कोणाच्या बाजूला ओढतो हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. वहीला मात्र त्यांनी ते कधी कळू दिलं नव्हतं.

त्या दिवशी वारा फिरला, म्हणून शर्यतीची वाटही उलटी आखली. एरवी दांडी किनाऱ्याच्या बाजूने येणाऱ्या होड्या आज विरुद्ध बाजूने आल्या. मावळतीकडचं ऊन सरळ डोळ्यांत. शिडं सगळी एकाच कापडाची पांढरी, मुलं सगळी सारख्याच केशरी जाकिटांत. दोन होड्या खांद्याला खांदा लावून रेषेवर आल्या. वीतभर पुढे असलेलं नाक बाईंनी पाहिलं, वर शिडावरचा आकडा वाचला. तीन. शिटी वाजवली. लगोलग सहा. मग बऱ्याच अंतराने बाकीच्या.

कोण पुढे होतं ते खुद्द त्या दोघांनाही सांगता येईना. ते दिसतं फक्त रेषेवर बसणाऱ्याला. बाईंनी फळ्यावर लिहिलं: श्रिया दहा, विश्वेश अकरा. खाली वेळ टाकली. आक्षेपाला अर्धा तास, त्यानंतर निकाल पक्का.

अप्पा आले, फळा वाचला आणि निघून गेले. बाईंना आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला!

मग त्या उरलेल्या होड्यांचे गुण भरायला बसल्या. पाच नंबर. सात नंबर. सात लिहिता लिहिता पेन थांबलं. हा सात शिडावर उलटा दिसला होता. पाचही उलटाच. पेंटरने मराठी आकडे शिडाच्या एकाच अंगाला काढले होते. ते अंग आज पलीकडे होतं आणि मागून ऊन होतं, म्हणून आकडे कापडातून उलटे दिसले. बाईंनी ते मनातल्या मनात सुलटे करून घेतले होते. पाच उलटा, सात उलटा. मग तीन सुलटा कसा?

सहा पाठीमागून बघितला की तीन दिसतो. पहिलीतली पोरं हाच घोटाळा करतात, आणि त्यासाठी बाईंनी किती जणांचे कान पिळले होते!

त्या वाळूत उतरल्या. शिडं दोरीवर सुकत होती. एकावर पाठीमागून तीन दिसत होता. बाई वळसा घालून पुढे गेल्या. सहा.

अर्ध्या तासातली आठ मिनिटं उरली होती. कोणी आक्षेप घेणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पलीकडे श्रिया फोनवर ओरडत होती, "आये, माजो नंबर लागलो गो! मुंबैक जातलंय!" आपण काही मुद्दाम केलेलं नाही, असं बाईंनी स्वतःला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगवेना.

"श्रिया," त्या म्हणाल्या, "पयलो विश्वेश इलो. मी आकडो उलटो वाचलंय."

श्रियाने फोन कानापासून खाली घेतला. "तुमी गप रवलास असतास तर कोणाक कळणार होतां, बाई?"

बाई धक्क्यावर गेल्या, फळा पुसला, नवा निकाल लिहिला आणि वहीत पहिली काट मारली. माणसं गोळा झाली.

"मी गेल्या वर्सा काय सांगलंय?" अप्पा सगळ्यांच्या देखत म्हणाले. "क्यामेरो."

"लावा," बाई म्हणाल्या.

श्रिया गर्दीतून पुढे आली. फोन अजून चालूच होता. तो तिने बाईंच्या हातात दिला. "माज्या आयेक तुमीच सांगा," म्हणाली आणि शिडांकडे चालू लागली.

बाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. "चूक माजी. तिची नाय."

"चेडू खंय आसा?" आईने लेकीबद्दल विचारलं.

"शिड गुंडाळता."

"रडता?"

"नाय."

"मगे तुमी तिच्याकडेन जावन बसा, बाई. आमच्यासमोर तां रडाचां नाय. एसटीत एकटां बसान रडतलां. तां माका नको."

बाई जाऊन श्रियाशेजारी वाळूत बसल्या. ती सरकली नाही. संध्याकाळी सहाची परतीची एसटी दोघींनी जाऊ दिली.